हिरवी ट्यूब

एदुविनाने पहिल्याच दिवशी माझ्या खोक्यातली
हिरवी ट्यूब काढून घेतली
आणि एप्रनच्या खिशात टाकली.
म्हणाली, या बेटावर हिरव्याशिवाय आहे काय?
म्हणूनच विकतचा नको.

चौदा वर्षं मी दाल्काउएच्या धक्क्यावर होड्या रंगवल्या.
डबा उघडायचा, काठीने ढवळायचा.
पिवळी म्हणजे पिवळी.
दुसऱ्या हातालाही तीच पिवळी.
होडीला सावली नसायची माझ्या हिशेबी,
फक्त मालक असायचा,
आणि तो पैसे द्यायला उशीर करायचा.

आता चार ट्यूबा: पांढरा, लिंबू-पिवळा, निळा,
आणि भाजक्या मातीचा तांबूस.
कुरण कर, ती म्हणते.
निळ्यात पिवळा घातला की येतो
प्लास्टिकच्या बादलीचा हिरवा.
त्यात नखभर तांबूस.
मग तो जरा मान खाली घालतो,
शेणामातीत उभा राहतो,
मेंढीने तोंड लावावं असा.

डोळे किलकिले कर, ओतिलिया.
आधी काळोख किती ते बघ, रंगाचं नाव नंतर विचार.
सर्वांत गडद?
ओहोटीला कलंडलेल्या होडीखालचा चिखल.
सर्वांत उजळ?
मी म्हटलं, चर्चची पांढरी भिंत.
नाही, ती म्हणाली, नीट बघ:
पत्र्यावर साचलेलं पाणी.
भिंत पांढरी आहे हे तुला माहीत आहे,
दिसत नाहीये.

तिच्या पुस्तकात छापलंय, उत्तरेचा उजेड थंड.
तिने पेन्सिलीने 'उत्तर' खोडून 'दक्षिण' लिहिलंय,
पानोपानी, न कंटाळता.
आमच्याकडे सूर्य उत्तरेच्या अंगाने जातो,
पुस्तक लिहिणाऱ्याला कोण सांगणार.

समोर किंचाओ बेट.
लांब जाताना पिवळा आधी दमतो,
मग तांबडा मागे पडतो,
निळा एकटाच चालत राहतो पार टेकड्यांपर्यंत.
हे कळायला मला तीन रविवार लागले
आणि खराब झालेले दोन फळे.

भुरभुर सुरू झाली की बाकीचे पसारा आवरतात.
आम्ही नाही.
थेंब रंगावर बसतात, घरंगळतात,
तेल त्यांना विचारत नाही.
ढगाळ दिवशी उजेड गार आणि सावली उबदार:
हे ऐकलं तेव्हा वाटलं, म्हातारी काहीतरीच सांगते.
मग होडीखालचा चिखल पाहिला.
तांबूस होता.
चौदा वर्षं त्यात गुडघे रुतवून बसले होते मी.

मार्चमध्ये कास्त्रोच्या इस्पितळात
बाबांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला.
डाव्याचा नंबर पुढल्या वर्षी.
मी चित्र चुलीजवळ भिंतीला टेकवून ठेवलं.
त्यांनी उजवा डोळा तळव्याने झाकला:
वा, हीच आपली खाडी, संध्याकाळची.
मग डावा झाकला:
हे काय, किती निळं! अंगावर काटा आला बघ.
मग पुन्हा उजवा, पुन्हा डावा,
खिडकीची झडप वाऱ्याने उघडमीट व्हावी तशी.

बऱ्याच वेळाने म्हणाले,
तुझ्या आईचा तो स्वेटर पांढरा होता होय?
दहा वर्षं मी लोण्याच्या रंगाचा म्हणत आलो.
आई बटाटे सोलता सोलता म्हणाली,
मी सांगत नव्हते?

एदुविनाला सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं.
तिने चष्मा काढला, पुसला,
समोरच्या पाण्याकडे आधी एका डोळ्याने पाहिलं,
मग दुसऱ्याने,
आणि बराच वेळ काही बोलली नाही.

या रविवारी पाणी करडं होतं,
निळा, तांबूस, भरपूर पांढरा.
मी त्याच्या काठावर एक पिवळट पट्टा ओढला,
बोटभर,
बाबांच्या डाव्या डोळ्यासाठी.
तो तिथे चुकलाय, एदुविना म्हणाली.
हो, चुकलाय, मी म्हटलं,
आणि ब्रश पुसायला घेतला.